आधी कागद, मग पितळ : अकोल्याचं जुनं घर रिकामं करताना

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. अडखळलो ती जागा काढून टाकली, एक-दोन तारखा बोलताना चुकल्या होत्या त्या दुरुस्त केल्या. बाकी जसं बोललो तसंच.

तर विषय असा. अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं घर विकायचं ठरलं. आजी आता अमरावतीला आमच्याकडे फ्लॅटमध्ये राहते, आणि त्या घराला कुलूप लागून बरीच वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सात जण चार दिवसांसाठी गेलो. बाबा, काका, आत्या, आम्ही तीन भावंडं आणि मध्ये बाजेवर बसून आजी. एक सामानाची खोली आणि वर माळा. पितळेचे गुंड, तांब्याचा बंब, जातं, पाटा-वरवंटा, दोन कंदील, काकांचा टेपरेकॉर्डर, गाद्यांचे गठ्ठे, एक मोडका पाळणा, आणि तीन लोखंडी ट्रंका.

पहिल्या दिवशी काय झालं, तर सकाळपासून दुपारपर्यंत फक्त पितळ. मोठा गुंड कोणाकडे जाणार, बंब मोडीत द्यायचा की ठेवायचा, आत्याला लग्नात दिलेला हंडा इथे परत कसा आला. पाच तास! आणि ट्रंकांचं काम माझ्याकडे होतं. मी काय केलं? उघडलं, पिवळे कागद पाहिले, वाळवीची माती पाहिली, आणि दहा मिनिटांत रद्दीचा ढीग केला. सॉफ्टवेअरवाला माणूस, स्टोरेज मोकळं करायची सवय. आजी बाजेवरून म्हणाली, "काहून फेकून राह्यला बापा? पाहून तरी घे."

पाहिलं. आणि मग बाकीचे तीन दिवस आम्ही पितळाला हातच लावला नाही.

आज मला एवढंच सांगायचंय. आपल्याकडे घर आवरताना क्रम उलटा असतो. वजनदार वस्तूवर भांडण होतं, हलक्या वस्तू निघून जातात. पण गुंड उद्याही मिळेल, अकोल्याच्या भांडे बाजारात तसाच, कदाचित त्याहून चांगला. ट्रंकेतल्या काही कागदांची मात्र जगात एकच प्रत असते. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेतली की किंमत विचारू नका, आठवणही विचारू नका. विचारा, हे गेलं तर परत कुठून मिळेल? उत्तर "दुकानातून" असेल तर ती वस्तू शेवटी बघा. उत्तर "कार्यालयातून, पण चकरा मारून" असेल तर बाजूला ठेवा. उत्तर "कुठूनच नाही" असेल तर ती आधी.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी याच घराला चुना मारताना एक ट्रंक अशीच रद्दीत गेली होती. कोणी दिली ते सांगत नाही, घरचेच लोक आहेत. नंतर माझ्या चुलत बहिणीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र काढायचं होतं. इथे ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊक असेल, निम्म्यांना अजून व्हायचं आहे, म्हणून नीट सांगतो.

जातीचा दाखला आणि जात वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला महसूल विभागाकडून मिळतो. वैधता देते ती पडताळणी समिती, आणि ती विचारते की तुमचं कुटुंब एका ठरावीक तारखेच्या आधी महाराष्ट्राच्या या भागात राहत होतं का आणि तेव्हाच्या कागदावर तुमची जात काय लिहिली आहे. या तारखेला मानीव दिनांक म्हणतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे २००५ साली जन्मलेल्या मुलीने आपल्या आजोबांचा किंवा पणजोबांचा कागद आणायचा, आणि तो वडिलांच्या बाजूचा हवा. आईकडचे कागद कितीही जुने असले तरी इथे सहसा त्यांचा उपयोग होत नाही.

असा कागद कोणता? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. जन्म-मृत्यूची नोंद, जी आपल्याकडे गावात कोतवाल ठेवायचा आणि ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जुनं खरेदीखत, ज्यात नावापुढे जात लिहिलेली असते. जुनी महसूल नोंद. आमच्याकडे आबाजींचा दाखला होता, सगळ्यांना आठवत होतं की होता, लाल शिक्का होता, कडेला शाई सांडलेली होती. इतकं सगळं आठवत होतं. कागद तेवढा नव्हता.

मग सुरू झाल्या चकरा. शाळेत गेलो तर नेमक्या त्या वर्षाचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. तहसीलमध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागितली, मिळाली, पण आबाजींचं नाव तिथे घरच्या नावाने लिहिलेलं. तेव्हा पाळण्यातलं नाव एक, शाळेतलं दुसरं, हे सर्रास असायचं. म्हणून दोन्ही नावांचा माणूस एकच हे सांगणारं प्रतिज्ञापत्र. वंशावळ. काकांची सुट्टी. बहीण रोज रात्री साइटवर अर्जाची स्थिती बघायची आणि सकाळी काही बोलायची नाही. शेवटी वैधता मिळाली, मुदत संपायला थोडे दिवस राहिले असताना. ट्रंकेतला एक कागद असता तर हे सगळं एका फेरीत झालं असतं.

आणि कागद जितका जुना तितकं त्याचं वजन जास्त, हे नुसतं घरच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं नाही. जमातीच्या दाव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय की स्वातंत्र्याआधीच्या कागदांना पुरावा म्हणून जास्त मोल द्यावं. साधं कारण आहे. १९३८ साली शाळा मास्तरने नाव लिहिलं तेव्हा त्याला कुठलं आरक्षण ठाऊक नव्हतं, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नव्हतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू नोंदी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली होती. राजकारण बाजूला ठेवू. पण ज्या कागदाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, तो एका महिन्यात घरातला सगळ्यात मोठा ऐवज झाला, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

आता ट्रंकेतला कागद ओळखायचा कसा? इथे वऱ्हाडची खास गंमत आहे. माझ्या हातात एक दाखला आला, त्यावर छापलेलं 'मध्यप्रदेश'. माझा लहान भाऊ म्हणाला, हा आपला नाही, दुसऱ्या कोणाचा आलाय, टाक. तो आपलाच होता!

झालं असं की आपलं गाव जागेवरच राहिलं आणि राज्य बदलत गेलं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठी दिला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला, म्हणून त्यानंतरच्या कागदांवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' दिसतं. १९५० पासून तेच झालं मध्यप्रदेश, आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे ज्या माणसाने अमरावतीत १९४८ ला शाळा सुरू केली आणि १९६१ ला नोकरी धरली, त्याच्या कागदांवर चार राज्यांची नावं असू शकतात आणि तो माणूस अंबादेवीच्या पलीकडे कधी गेलेला नसू शकतो. मानीव दिनांकाच्या हिशेबात हे डोक्यात ठेवा. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' किंवा 'मध्यप्रदेश' छापलेला वऱ्हाडातला कागद दिसला की तो साधारण १९५६ च्या आधीचा. जपून ठेवा, मग वाचा.

स्पेलिंगचंही तसंच. जुन्या इंग्रजी कागदात अमरावती हे 'अमरावती' सारखं वाचताच येत नाही, तिथे 'अम्राओती' असं काहीतरी दिसतं. अचलपूरचं 'एलिचपूर', यवतमाळचं 'येवतमाळ'. भाऊ ऑनलाइन शोधत होता आणि काहीच सापडत नव्हतं, कारण तो आजचं नाव टाकत होता. आणखी एक. वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. तुमचं मूळ गाव मंगरूळपीर किंवा कारंज्याकडचं असेल तर जुन्या कागदांवर जिल्हा अकोला असणार. त्यात चूक काही नाही, आणि जुन्या नोंदीची चौकशी करताना अकोल्यालाही करावी लागू शकते.

जमिनीचे कागद. इथे थोडं हायसं वाटेल. सातबारा आता ऑनलाइन आहे, जुने सातबारे आणि फेरफारही बऱ्याच ठिकाणी स्कॅन करून साइटवर आहेत, फी भरून नक्कल निघते. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळते. म्हणजे हे "चकरा मारून मिळेल" या ढिगातलं. पण ज्याची नोंदणी झालीच नाही, तो कागद वेगळा. भावाभावांत लिहिलेली वाटणी, सावकाराला पैसे परत केल्याची पावती, आबाजींनी कोणाला वावर बटईने दिलं त्याचा करार, विहिरीचं पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचं ते लिहिलेला कागद. हे कुठल्याच कार्यालयात नाही. शहरात घर नझूल जागेवर असेल, अमरावती-अकोल्यात अशी बरीच आहेत, तर भाडेपट्ट्याचा मूळ कागद आणि भरलेल्या पावत्या एकही सोडू नका.

कायद्यात यासाठी एक छान कलम आहे. पुराव्याच्या कायद्यात आधीपासून होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ९२ वं कलम आहे, जो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. कागद तीस वर्षांहून जुना असेल आणि जिथे असायला हवा तिथूनच, म्हणजे योग्य ताब्यातून आलेला असेल, तर त्यावरची सही आणि अक्षर त्याच माणसाचं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. साक्षीदार मेलेले असतात, म्हणून ही सोय. गंमत बघा, कागद "कुठे सापडला" याला मोल आहे. कुटुंबाच्या ट्रंकेत सापडलेलं वाटणीपत्र आणि कुठल्याशा रद्दीवाल्याकडून परत आणलेलं वाटणीपत्र, अक्षर तेच असलं तरी दोन्ही सारखे नाहीत. म्हणून आम्ही काय केलं, ट्रंक उघडतानाच मोबाईलवर व्हिडिओ काढला. आतलं वरून खाली कसं रचलेलं आहे ते दिसेल असा. कोर्टासाठी म्हणून नाही, पण कोणाच्या गठ्ठ्यात काय होतं ते आपल्यालाच दोन दिवसांनी आठवत नाही.

पैशाचे कागद पटकन सांगतो. जुनी बँक पासबुकं फेकू नका. दहा वर्षं न हललेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवते, पण वारस नंतरही मागू शकतात. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यात बऱ्याच बँकांची अशी खाती नावाने शोधता येतात. जुने कागदी शेअर सापडले तर तेही तसंच. सात वर्षं सलग लाभांश कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, पण मागून परत घेता येतात. वेळ लागतो. आणि डाळीच्या डब्यात पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा सापडल्या तर? आमच्याकडे सापडल्या, आजीच्या, चार. तिने नोटाबंदीत सांगितलंच नव्हतं कोणाला! २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापर्यंत नोटा बाळगता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यापेक्षा जास्त ठेवणं गुन्हा आहे. चार नोटा आजीकडेच आहेत, अजून त्याच डब्यात.

आता खरं काम, म्हणजे जपणूक. इथे लोक प्रेमाने सत्यानाश करतात.

लॅमिनेशन करू नका. हात जोडून सांगतो. गरम रोलरमधून प्लास्टिक चिकटवलं की ते कधीच नीट निघत नाही, आतला कागद हळूहळू खराब होतो, आणि शाई-शिक्का तपासायचा असेल तर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. सेलोटेपही नको, ती पिवळी होऊन डाग सोडते. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढा, पण ओढून नाही, मागून वाकवून. वाळवीची माती कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाणी अजिबात नको. उन्हातही वाळवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात जुना कागद पापडासारखा होतो. सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्याखाली नाही, असा एक दिवस ठेवा. मग साध्या कागदी लिफाफ्यात, आणि लिफाफे लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर सुती पुरचुंडीत, थेट कागदावर नाही, डाग पडतो.

एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या लक्षात आली. १९४६ चा टाकाने लिहिलेला कागद स्वच्छ वाचता येत होता, आणि बाबांनी २०१४ साली जपून ठेवलेल्या एटीएमच्या स्लिपा कोऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. थर्मल कागद तसाच असतो, उष्णतेने छापतो आणि काळाने पुसतो. तुमच्याकडे फ्रिजची, सोन्याची, टीव्हीची अशी पावती असेल तर आजच फोटो काढा.

स्कॅनबद्दल, हा माझा प्रांत. फोनच्या स्कॅनर अॅपमध्ये काळा-पांढरा फिल्टर बंद ठेवा, तो शिक्क्याचा रंग आणि पुसट अक्षर खाऊन टाकतो. मागची बाजूही स्कॅन करा, कोरी असली तरी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबून बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाईलच्या नावात आधी साल, मग माणूस, मग काय आहे ते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. आमची एक प्रत आत्याकडे आहे परतवाड्याला. पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकायचा नाही. पडताळणीत मूळ दाखवा म्हणतात, आणि तेव्हा क्लाउड कामाला येत नाही.

तिसऱ्या ट्रंकेत लाल कापडात बांधलेली एक पोथी निघाली. काका म्हणाले, उद्या नदीत सोडू. आपल्याकडे फाटक्या पोथ्या आणि तडकलेले देवांचे फोटो विसर्जन करायची रीत आहे आणि त्यामागे श्रद्धा आहे, मी त्यावर काही बोलत नाही. पण हाताने लिहिलेली पोथी असेल तर थोडं थांबा. आपल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. तिथे म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, लीळाचरित्र झालं, मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. महानुभावांनी त्यांचे ग्रंथ शेकडो वर्षं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून मठांत जपले. बाहेरच्या अभ्यासकांना त्या वाचता आल्या त्या थेट विसाव्या शतकात. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र आलं १९७८ मध्ये. मधल्या काळात एखाद्या पिढीला "हे काय लिहिलंय कळत नाही, सोडा नदीत" असं वाटलं असतं, तर? आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे.

आमची पोथी तितकी थोर नाही निघाली. देवनागरीच होती, कोणीतरी नकलून घेतलेली व्रताची कथा. ती आम्ही ठेवली. तिच्याबरोबर दोन मोडी कागद होते ते मात्र अजून वाचून व्हायचेत. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, म्हणजे ती टाईप करता येते, पण हाताने घाईत लिहिलेली मोडी वाचायला अजून माणूसच लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वापरात होती, त्यामुळे वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या घरात ती निघू शकते. नागपूरला पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे, तिथे विचारता येतं. एक सावधगिरी, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्रं, किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतं. दारावर येऊन "जुनं काही आहे का" विचारणाऱ्याला उत्साहात काढून देऊ नका.

आणि फोटो. हे मी शेवटी ठेवलं होतं, आणि ते चुकलं. फोटो पहिल्या दिवशीच काढायला हवे होते, कारण त्यांची दुसरी प्रत आजीच्या डोक्यात आहे. फोटो शंभर वर्षं टिकेल. त्यातली माणसं कोण हे सांगणारं माणूस टिकणार नाही. आजी ८३ वर्षांची आहे. सकाळी तिला सगळं आठवतं, संध्याकाळी ती माझ्या भावाला माझ्या बाबांच्या नावाने हाक मारते.

म्हणून चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बाकी सगळं थांबवलं. फोटोला मागे नंबर टाकले, मऊ पेन्सिलने. नंतरच्या प्लास्टिकसारख्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे लिफाफ्यावर लिहायचं. फोन रेकॉर्डिंगवर ठेवला आणि आजीला एकेक फोटो दिला. फोटोचा नंबर मी मोठ्याने बोलायचो, मग ती बोलायची. एवढंच तंत्र. पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला आपल्याच घरात सगळ्यात चांगला पाहुणा बसलेला आहे हे इतके एपिसोड करूनही सुचलं नव्हतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, तसेच स्कॅन करा. काकांच्या कॅसेटींचं वेगळं प्रकरण आहे, पुढे कधीतरी.

एका फोटोत मूर्तिजापूरचं स्टेशन आहे, मागे शकुंतला उभी, ती अचलपूर-यवतमाळची अरुंद रेल्वे जी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. पुढे चार माणसं. तीन आजीने सांगितली. चौथा, टोपीवाला, तिने बराच वेळ फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "हा कोन हाये ते तुह्या आबाजीलेच मालूम होतं." रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य आहे आणि त्यानंतर अर्धा मिनिट काही नाही, फक्त पंखा. ते मी एडिट केलं नाही.

पितळाचं काय झालं, तर शेवटच्या दुपारी तासाभरात आटोपलं. इतकं थकल्यावर कोणाला भांडायचं नव्हतं. मोठा गुंड आत्याकडे, बंब मोडीत, दोन हंडे कल्हई करून आमच्याकडे. जातं घर घेणाऱ्याने मागितलं, दिलं. गाद्या कोणीच नेल्या नाहीत, कापूस पिंजून घेऊ असं सगळे म्हणाले आणि पिंजारी शोधायला कोणी गेलं नाही. पाळणा मोडका होता म्हणून सोडला, आईला अजून ते पटलेलं नाही.

टेम्पो अमरावतीला निघाला त्या रस्त्याने ज्याचे ७५ किलोमीटर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत केले आणि गिनीज बुकात नाव आलं. मूर्तिजापूरजवळ चहाला थांबलो. ड्रायव्हरदादांनी मागे पाहिलं, पितळ दोरीने बांधलेलं आणि माझ्या मांडीवर एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा. म्हणाले, "त्यात सोनं हाये काय भाऊ?" मी म्हटलं, कागद आहेत. ते हसले आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

तुमच्या घरच्या ट्रंकेत असा कुठला कागद निघाला असेल ज्यावर आज नसलेल्या राज्याचं नाव आहे, तर मला त्याचा व्हॉईस नोट पाठवा. फोटो नको, नावगाव उघडं पडतं. फक्त बोलून सांगा काय लिहिलंय ते. पुढच्या भागात काकांच्या कॅसेटी, आणि बुरशी लागलेली टेप वाचवता येते का ते. भेटू.